पाण्याशिवायचं काँक्रीट

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, की माझ्या वर्गातल्या मुलांनी एआयकडून पाण्याचा थेंबही नसलेलं काँक्रीट करून घेतलं आणि यंत्राच्या हिशोबाने ते नेहमीच्या काँक्रीटपेक्षा मजबूत निघालं. एवढं लिहून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले, वाचक मात्र तिथेच अडले. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी पानं त्याच विषयाला देते आहे: बांधकाम शिकणाऱ्यांना एआय शिकवायचं म्हणजे नक्की काय शिकवायचं? नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की १९ वर्षं साइटवर काढली आणि गेली ११ वर्षं शिकवते आहे. संगणकातली तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न: मॅडम, मी बांधकाम पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. या सत्रात ‘एआय साक्षरता’ नावाचे दहा तास माझ्या गळ्यात पडले आहेत. मला प्रोग्रामिंग येत नाही. पाण्याशिवायच्या काँक्रीटचा प्रकार काय आहे, आणि तो मला वर्गात करता येईल का? — एक अधिव्याख्याती

उत्तर: येईल. स्प्रेडशीट येते ना? मग झालं.

१९९८ साली आय-चेंग येह या तैवानमधल्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्क (नोंदींवरून शिकणारी संगणकी आज्ञावली) वापरून काँक्रीटची ताकद वर्तवण्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी जमवलेल्या १०३० नोंदी आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या मशीन लर्निंग भांडारातून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. एका ओळीत एक मिश्रण: एका घनमीटरला सिमेंट किती किलो, स्लॅग (पोलादभट्टीची मळी) किती, फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) किती, पाणी, सुपरप्लास्टिसायझर (मिश्रण पातळ करणारं रसायन), खडी, वाळू, मग वय किती दिवसांचं आणि शेवटी दाबाखालची ताकद किती मेगापास्कल (दाबाचं एकक). आपल्या मुलांना यातला एकही शब्द परका नाही. म्हणूनच मला ही नोंदवही आवडते. मांजर आणि कुत्र्याचे फोटो ओळखायला लावणाऱ्या तयार धड्यांपेक्षा ही कितीतरी बरी.

पहिल्या तासाला संगणक उघडू नका. नोंदवहीतल्या पहिल्या दोनच ओळी फळ्यावर लिहा. पहिलीत सिमेंट ५४०, पाणी १६२, सुपरप्लास्टिसायझर २.५, खडी १०४०, वाळू ६७६, वय २८ दिवस. दुसरीत सगळं तेच, फक्त खडी १०५५. विचारा, ताकदीत किती फरक पडेल? माझ्या वर्गात कोणी ‘काहीच नाही’ म्हणालं, कोणी ‘एक-दोन मेगापास्कल’. मग झाकलेले आकडे उघडा. पहिल्याचे ७९.९९, दुसऱ्याचे ६१.८९. एका घनमीटरमागे १५ किलो खडी जास्त पडली म्हणून ताकद १८ मेगापास्कलने उतरली? असं होत नाही, हे साइटवर चार दिवस काढलेला पोरगाही सांगेल. मग कशामुळे? त्या दिवशी माझा वर्ग तासभर भांडला. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) कसं झालं असेल, क्यूब (चाचणीचा ठोकळा) भरताना ठोकला किती असेल, सिमेंट किती जुनं असेल, कोणत्या प्रयोगशाळेत फोडला असेल. यातल्या एकाही गोष्टीसाठी त्या तक्त्यात रकाना नाही. यंत्र फक्त रकाने वाचतं. जे रकान्यात आलं नाही ते त्याच्यासाठी घडलेलंच नाही. ‘डेटा’ या विषयावर मला याहून चांगलं व्याख्यान देता आलं नसतं.

दुसऱ्या तासाला स्प्रेडशीट. लाइनेस्ट नावाचं फंक्शन सगळ्या नोंदींमधून सरळ रेषेचं सूत्र बसवून देतं, म्हणजे प्रत्येक घटकाला एक गुणक. नोंदींवरून शिकणारं यंत्र, अगदी साध्या रूपात, ते हेच. पाण्याचा गुणक साधारण उणे ०.१५ येतो, वयाचा दिवसाला साधारण अधिक ०.११. दोन्हींची दिशा बरोबर आहे. पाणी वाढलं की ताकद घटते हे डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकांनी १९१८ मध्येच दाखवून दिलं होतं, आणि वयाबरोबर ताकद वाढते हेही खरं. पहिल्या ओळीला हे सूत्र सुमारे ५३ मेगापास्कल सांगतं. प्रत्यक्ष ८०, पण ते जाऊ द्या.

आता एका पोराला पुढे बोलवा आणि पाण्याच्या रकान्यात शून्य टाकायला सांगा. उत्तर येतं ७८ च्या आसपास. कोरडी भुकटी आणि खडी एकत्र ढवळली, ती ५३ वरून ७८ वर गेली! पाणी पुन्हा घाला आणि वयाच्या रकान्यात १० वर्षं, म्हणजे ३६५० दिवस टाका. उत्तर साडेचारशेच्या वर जातं. काँक्रीट थेट सळईच्या पंगतीत जाऊन बसलं. वर्गात हशा पिकतो, तो पिकू द्या. मग विचारा, सूत्राने चूक कुठे केली?

सूत्राने काहीच चूक केली नाही, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. १०३० नोंदींत पाणी कुठेही १२० किलोच्या खाली गेलेलं नाही आणि वय ३६५ दिवसांच्या वर गेलेलं नाही. सूत्राला त्याच्या पलीकडचं जग माहीतच नाही. ज्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नाही तिथला पत्ताही ठणकावून सांगणारा माणूस आपण पाहिलेला असतो, तसंच हे. ‘मला माहीत नाही’ असा रकाना त्याच्याकडे नाही. सरळ रेषेऐवजी मोठं न्यूरल नेटवर्क घेतलं तर या नोंदींच्या कुंपणाच्या आत उत्तरं पुष्कळ सुधारतात, पण कुंपणाबाहेर गेल्यावर तेही आपणहून हात वर करत नाही.

एवढ्यावर मी थांबले असते, पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने फोनवरच्या चॅटबॉटला विचारलं, ‘पाणी न घालता काँक्रीटची ताकद किती येईल?’ तो म्हणाला, पाण्याशिवाय सिमेंटची रासायनिक क्रियाच होणार नाही. अगदी बरोबर! वर्गाने लगेच निकाल दिला, सूत्र मठ्ठ आणि चॅटबॉट हुशार. मी म्हटलं, थांबा. आता त्याला कॉलमच्या कव्हरबद्दल, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराबद्दल विचार, आणि कोडातलं (बांधकामाच्या प्रमाण नियमांच्या पुस्तकातलं) कलम क्रमांकासह माग. त्याने आकडा दिला, कलमाचा क्रमांक दिला, वर कलमातलं वाक्यही अवतरणात टाकून दिलं. मुलीने कपाटातलं कोड काढलं. त्या क्रमांकाचं कलम त्यात होतं, पण ते कव्हरबद्दल नव्हतंच. ते वाक्य तर आख्ख्या पुस्तकात सापडलं नाही.

ही दोन वेगवेगळ्या जातीची यंत्रं आहेत आणि चुकतातही वेगवेगळ्या तऱ्हेने, एवढं मुलांना कळलं तरी दहा तासांचं चीज झालं. सूत्र आकड्यांवर वाढलेलं आहे. चॅटबॉटच्या मागचं भाषेचं मॉडेल मजकुरावर वाढलेलं आहे. आधीचे शब्द बघून पुढे कोणता शब्द येणं संभवनीय, हे ते ठरवतं. आजच्या मॉडेलांची ट्रान्सफॉर्मर नावाची बांधणी २०१७ मध्ये पुढे आली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटीमुळे घराघरात पोचली. पाण्याशिवाय सिमेंट घट्ट होत नाही हे असंख्य ठिकाणी लिहिलेलं असतं, त्यामुळे ते बिनचूक येतं. ‘कलम’ या शब्दानंतर टिंबं घातलेले आकडे येतात हेही त्याने असंख्य वेळा वाचलेलं असतं. म्हणून ते टिंबं घातलेले आकडे देतं. तो आकडा बरोबर असेलही. पण पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय बरोबर आणि चूक यांतला फरक दिसत नाही, दोन्ही सारख्याच ऐटीत येतात.

उरलेल्या तासांत काय करायचं ते तुम्हीच ठरवा. युनेस्कोने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एआय क्षमतांचा आराखडा काढला आहे. माणूस केंद्रस्थानी ठेवणं, नीती, तंत्र आणि प्रणालीची रचना असे त्याचे चार भाग आहेत. चांगला आहे, जरूर वाचा. पण त्यात साइट नाही, ती तुम्हालाच भरावी लागेल.

प्रश्न: मी दुसऱ्या वर्षाला आहे. एस्टिमेटिंगच्या गृहपाठात स्लॅबला किती किलो लोखंड लागेल ते काढायचं होतं. मी ड्रॉइंगचा फोटो काढून चॅटबॉटला दिला. त्याने सगळ्या पायऱ्यांसकट ५२१ किलो काढून दिलं. सरांनी शून्य दिलं आणि कारणही सांगितलं नाही. आकडेमोड मी कॅल्क्युलेटरवर तपासली होती, ती बरोबर होती. पुढे कामावर कोणी हाताने करतच नाही, मग आम्हाला हा छळ का? — एक नाराज विद्यार्थी

उत्तर: ड्रॉइंगचा फोटो पत्रासोबत पाठवलास हे बरं केलंस. स्लॅब ४ मीटर बाय ३ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर. मुख्य सळया १० मिलिमीटरच्या, १५० मिलिमीटर अंतराने. आडव्या ८ च्या, २०० अंतराने. आता तुझा फोटो मोठा करून बघ. कागदाची घडी बरोबर ‘१५०’ मधल्या शून्यावरून गेली आहे. चॅटबॉटने १५ वाचलं.

आणि पुढे सगळं नेकीने केलं. ४००० भागिले १५, अधिक एक, म्हणजे २६८ सळया. प्रत्येकी ३ मीटर, म्हणजे ८०४ मीटर. १० च्या सळईचं मीटरचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ या हिशोबाने ०.६१७ किलो, म्हणजे ४९६. त्यात आडव्या सळयांचे २५ मिळवले की ५२१. कॅल्क्युलेटर यात चूक काढूच शकत नाही, कारण आकडेमोडीत चूक नाहीच.

आता डोळे मिटून तो स्लॅब नजरेसमोर आण. १० मिलिमीटर जाडीच्या सळया, दर १५ मिलिमीटरला एक. दोन सळयांमध्ये फट किती राहिली? ५ मिलिमीटर. आणि खडी किती मिलिमीटरची? बहुतेक २०. काँक्रीट वर ओतलं तर सिमेंटचं पाणी तेवढं खाली झिरपेल आणि खडी वर बसून राहील, चाळणीवर राहते तशी. सेंटरिंगवर (स्लॅबखालच्या तात्पुरत्या फळ्यांवर) उभा असलेला, सळया बांधणारा फिटर सळई हातात घेण्याआधीच तुला विचारेल, ‘साहेब, माल जाणार कुठून?’ त्याला ४९६ चा हिशोब मांडता येणार नाही, पण त्याची गरजही नाही. त्याने तुझ्यासारखे शेकडो स्लॅब बांधले आहेत.

तुझ्याकडे शेकडो स्लॅब नाहीत, म्हणून तुला अंदाज शिकायचा आहे. स्लॅबचं घनफळ ४ गुणिले ३ गुणिले ०.१२५, म्हणजे दीड घनमीटर. लोखंड घनफळाच्या १ टक्का धर. घनमीटरला ७८.५ किलो, दीडला ११८. साध्या स्लॅबला याहून कमी लागेल, फार जास्त नाही. हे तोंडी करायला अर्धा मिनिट लागतं. अर्ध्या मिनिटात तुझ्याकडे ‘शंभरच्या आसपास’ हा आकडा आला असता आणि ५२१ बघताच तुझी भुवई वर गेली असती. खरं उत्तर, हुक आणि कव्हर सोडून, १० च्या २८ सळयांचे ५२ आणि ८ च्या १६ सळयांचे २५ मिळून ७७ किलो.

सरांनी कारण सांगायला हवं होतं, यात मी तुझ्या बाजूने आहे. पण शून्य मीही दिलं असतं. आणि ‘पुढे कामावर कोणी हाताने करत नाही’ हे अर्धवट खरं आहे. पूर्ण हिशोब कोणी हाताने करत नाही. अर्ध्या मिनिटाचा मात्र सगळे जाणते करतात, दिसू देत नाहीत इतकंच.

आणखी एक. ते ड्रॉइंग कॉलेजचं होतं म्हणून ठीक. उद्या मालकाचं ड्रॉइंग कोणत्याही सार्वजनिक चॅटबॉटवर चढवण्याआधी परवानगी घे. नकाशात घराचे दरवाजे, तिजोरीची खोली, सगळं असतं.

प्रश्न: बांधकाम शिकणाऱ्या मुलाने कोणतं एआय अ‍ॅप शिकावं? — एक पालक

उत्तर: आज नाव सांगितलं तर पदवी हातात पडेपर्यंत ते शिळं होईल. त्याला स्प्रेडशीट नीट शिकू द्या.

प्रश्न: मी निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आमची उमेदवारी स्लाइडरूलवर (हिशोबाच्या सरकपट्टीवर) झाली, नंतर संगणक आले, तेही आम्ही वापरले. उत्तर तपासून घ्यायला आम्हाला कधी वेगळा विषय लागला नाही. ही ‘एआय साक्षरता’ म्हणजे जुन्याच गोष्टीला नवं लेबल वाटतं. — एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: साहेब, ‘जुनीच गोष्ट’ हे मान्य. ‘आम्हाला लागला नाही’ हे मात्र नाही. लागायला हवा होता.

१८ जानेवारी १९७८ च्या पहाटे अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाचं स्पेस-फ्रेम (दांड्यांच्या त्रिमितीय जाळीचं) छप्पर बर्फाच्या ओझ्याखाली कोसळलं. काही तासांपूर्वीच त्याखाली बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि हजारो प्रेक्षक बसले होते. कोणाला खरचटलं नाही, हे केवळ नशीब. त्या छपराचं विश्लेषण संगणकावर झालं होतं, त्या काळाच्या मानाने अगदी आधुनिक. पण वरच्या दांड्यांना जितका आधार मिळतो असं गृहीत धरलं होतं, तितका प्रत्यक्षात मिळत नव्हता. मला यातली पुढची गोष्ट जास्त टोचते. छप्पर उभारतानाच त्याचा झोल, म्हणजे ते किती खाली वाकलं ते, मोजला गेला होता आणि तो संगणकाच्या भाकिताच्या जवळजवळ दुप्पट भरला होता. ते डिझाइनरांच्या कानावरही घातलं गेलं. त्यांना त्यात काळजीचं काही वाटलं नाही. फुटपट्टी एक सांगत होती, कागद दुसरं, आणि शहाण्या माणसांनी कागदाची बाजू घेतली.

२३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्लेइप्नर ए या समुद्रातल्या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत असताना भिंत फुटून बुडाला. संगणकी हिशोबासाठी रचनेचे छोटे तुकडे पाडणारी फायनाइट एलिमेंटची जाळी ढोबळ होती, त्यामुळे शिअर (कातरणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी दाखवला गेला आणि त्या हिशोबाने भिंतीची बांधणी अपुरी राहिली. अपघातानंतर नीट विश्लेषण केलं तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे आज्ञावली निर्दोष होती, विचारणाऱ्याने नीट विचारलं नव्हतं.

मी काही वेगळी नव्हते. १९९० च्या दशकात, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी एक बीम संगणकात घातला. ६ मीटरचा, मीटरला २० किलोन्यूटन भाराचा. प्रत्यक्षात तो दोन्ही टोकांना विटांच्या भिंतीवर नुसता टेकणार होता आणि मी मेनूत ‘फिक्स्ड’, म्हणजे टोकं घट्ट जखडलेली, निवडलं. छापील पान इतकं देखणं आलं की मी ते फाइलला लावून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पेन्सिल काढली, कागदाच्या कोपऱ्यात नुसत्या टेकलेल्या बीमच्या मोमेंटचं (वाकवणाऱ्या जोराचं) सूत्र ‘डब्ल्यू एल वर्ग बाय ८’ लिहिलं, म्हणजे भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ. वीस गुणिले छत्तीस भागिले आठ, नव्वद. माझ्या पानावर मध्यावरचा मोमेंट होता तीस. त्यांनी काही न बोलता नव्वदखाली दोन रेघा ओढल्या आणि फाइल माझ्याकडे सरकवली. आजही मला त्या दोन रेघा दिसतात.

म्हणून नवा विषय नको असं तुम्ही म्हणाल. तर नव्याचा नवेपणा कशात आहे तेही बघा. माझ्या बीमची चूक त्याच जागी बसून होती, दहा वेळा चालवलं तरी तीसच आलं असतं. मेनू उघडला की ‘फिक्स्ड’ दिसत होतं. चॅटबॉटला तोच प्रश्न तीनदा विचारा, तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात. चूक दाखवली तर तो नम्रपणे माफी मागून दुसरी चूक देतो. कधी कधी बरोबर उत्तराबद्दलही माफी मागतो! वर प्रत्येक उत्तरामागे ओघवतं स्पष्टीकरण. आमचा जुना संगणक मुका होता, हा गोड बोलणारा आहे. मुलं मी आकड्यांपेक्षा या बोलण्याला फसताना पाहिली आहेत.

तीनदा विचारायची सवय मी मुलांना लावते, एका नमुन्याचे तीन क्यूब फोडतो तशी. तीन उत्तरं फाकली तर काहीतरी गडबड आहे हे नक्की. पण तिन्ही जुळली म्हणून खूश व्हायचं नाही. एकाच बिघडलेल्या मिश्रणातून भरलेले तीन क्यूबही एकमेकांशी छान जुळतात.

प्रश्न: मी गवंडीकाम करत करत सुपरवायझर झालो, आता संध्याकाळच्या अभ्यासक्रमाला जातो. कंपनीने भिंतीच्या भेगा ओळखणारं अ‍ॅप दिलंय. फोटो काढला की भेग आहे की नाही ते सांगतं. वर्गातली पोरं म्हणतात ९५ टक्के अचूक आहे. मग माझ्या डोळ्याला कोण विचारतो? — एक सुपरवायझर

उत्तर: दादा, ९५ टक्के ऐकून घाबरू नका. समजा भिंतींचे शंभर फोटो काढले आणि त्यांतल्या पाचांत भेग आहे. मी एक अ‍ॅप बनवते. ते फोटो न बघताच प्रत्येक वेळी ‘भेग नाही’ म्हणतं. ते किती अचूक? ९५ टक्के. आणि भेगा किती सापडल्या? एकही नाही.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या यूटा स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये काँक्रीटच्या पूल, भिंती आणि फरसबंदीच्या ५६ हजारांहून जास्त फोटोंचा संग्रह खुला केला, अशी यंत्रं शिकवायला. त्यांतले भेगा असलेले फोटो जेमतेम १५ टक्के. म्हणजे तिथे डोळे मिटून ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही ८५ टक्के मार्क मिळतात. तेव्हा अ‍ॅप विकणाऱ्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: खऱ्या भेगांपैकी किती सुटल्या, आणि भेग नसताना किती वेळा ओरडलं?

आणि एक गंमत करून बघा. शटरिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) दोन प्लेटांच्या सांध्याची रेघ, थापीचा ओरखडा, भिंतीवर पडलेली तारेची सावली, आणि ओला दोरा चिकटवून सोडलेली भिंत, अशा चारांचे फोटो अ‍ॅपला द्या. माझ्या मुलांनी असेच फोटो असल्या एका अ‍ॅपला दिले. सावली आणि दोरा, दोन्ही ‘भेग’ निघाले. ज्याला ती भेग नाही हे लांबून कळलं तो वर्गातला एकटाच मुलगा सुट्टीत वडिलांबरोबर प्लास्टरच्या कामाला जाणारा होता.

अ‍ॅप सांगतं ते ‘भेग आहे’ एवढंच. ती बीमच्या टोकाजवळ तिरकी चालली आहे, की प्लास्टर सुकताना पडलेल्या जाळीसारखी आहे, यावर धावपळ करायची की चहा प्यायचा हे ठरतं. ती वाढते आहे का, हे एका फोटोत कधीच दिसणार नाही. त्यासाठी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख लिहायची आणि काच तडकते का ते बघत राहायचं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणखी एक तुमच्या कामाचं: असं यंत्र शिकतं कशावरून? कोणीतरी बसून हजारो फोटोंवर ‘भेग’, ‘भेग नाही’ अशा खुणा केलेल्या असतात. पुढच्या वेळी वर्गात असं काम निघालं तर खुणा करायला तुम्ही बसा. पोरांना शेजारी बसू द्या.

दोन महिने मात्र अ‍ॅप वापरून बघा. उंचावरच्या, शिडी न पोचणाऱ्या जागेचे ड्रोनने काढलेले शेकडो फोटो चाळायला ते खरंच कामाचं आहे. माणसाचा डोळा तीनशेव्या फोटोला पेंगतो, माझा तर दोनशेव्यालाच.

प्रश्न: विद्यार्थी सगळे रिपोर्ट एआयकडून लिहून आणतात. ओळखायचं कसं आणि मार्क द्यायचे कसे? — एक हताश शिक्षक

उत्तर: ओळखण्याच्या फंदात पडू नका. ओळखून देणारी म्हणून जी साधनं मिळतात ती स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या मुलांनाही चोर ठरवतात, आणि एकदा असा खोटा आरोप झाला की तो वर्ग तुमचा राहत नाही. मी प्रश्नच बदलला. रिपोर्ट घरून आणा, एआयकडून आणा, मला चालेल. मार्क दुसऱ्याच एका पानाला असतात. त्यावर पेनने, क्रमाने: यंत्राला विचारण्याआधीचा माझा अंदाज, यंत्राचं उत्तर, दोन्हींत फरक का पडला, आणि मी ते कशावर ताडून पाहिलं. ताडून पाहिलेल्यात पुस्तकाचं पान असेल, टेपने घेतलेलं माप असेल, नाहीतर क्यूबचा निकाल. अंदाज साफ चुकला तरी मार्क जात नाहीत, फरकाचं कारण शोधलं नाही तर जातात.

मुलं यातही पळवाट काढतात, अर्थात. आधी उत्तर काढून मग अंदाजाची जागा भरतात. पण ते पकडायला कसलंही साधन लागत नाही. गेल्या आठवड्यात वर सांगितला तसाच स्लॅब मी वर्गाला दिला होता. एका वहीत ‘माझा अंदाज’ या शब्दांपुढे सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: ७७.११ किलो.